सावरणाऱ्याचं वजन

रहमतभाईंनी मला आयुष्यात एकदाच गप्प बसवलं. हे काम सोपं नाही. यवतमाळच्या कॉलेजात मी उभी हयात भौतिकशास्त्र शिकवलं, आणि समोर चूक दिसली की माझी जीभ आवरत नाही. लग्नाला जाऊन यजमानांच्या हातातली पत्रिका मी पेनाने दुरुस्त करून दिली आहे. घरी यावरून माझी थट्टा होते. होऊ दे. चूक ती चूकच.

रहमतभाई मोटरी भरत. म्हणजे जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी तार वेटोळ्या-वेटोळ्यांनी बसवायची. आर्णी रोडच्या आतल्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. पत्र्याचं शटर, एक बाकडं, भिंतीला टांगलेल्या तारेच्या रिळा आणि नाकात बसणारा वार्निशचा वास. गल्लीच्या टोकाला दोन जिनिंग. कापसातून सरकी काढणारे हे कारखाने दिवाळीनंतर सुरू झाले की उन्हाळ्यापर्यंत थांबत नसत. रुईचा धुरळा, उन्हाळी झळ आणि कमी-जास्त होणारी वीज यांनी तिथल्या मोटरी पटापट जळत. मग जिनिंगचा फिटर खेमसिंग हातगाडीवर मोटर लादून दुकानासमोर उभा राही.

"रहमतभाई, सांजच्यापर्यंत पाह्यजे बरं!"

"मोटर हाये बावा, भजे नाही. घान्यातून काढले अन् देले!" रहमतभाई म्हणत, आणि तरी संध्याकाळपर्यंत मोटर देत.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती आमच्या प्रयोगशाळेतली एक मोटर घेऊन. तेव्हा मी ती गंमत पाहिली. भरलेल्या मोटरीच्या पोकळ लोखंडी पोटात ते बेअरिंगचा एक छर्रा सोडत आणि क्षणभर करंट देत. तारा बरोबर बसल्या असतील तर आतलं चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं, आणि त्याच्यामागे तो छर्राही पोटाच्या भिंतीला धरून गरगर धावतो. एक गुंडाळी उलटी जोडली गेली असेल तर छर्रा जागच्या जागी थरथरत राहतो. वर्गात जे समजवायला मला फळाभर आकृत्या लागत, ते इथे एका छर्ऱ्यात दिसत होतं. आणि तो छर्रा सोडत होती फ्रॉक घातलेली एक मुलगी. गझाला, त्यांची एकुलती एक. छर्रा तिनेच सोडायचा, अशी दुकानाची रीतच होती. ती शाळेतून येईपर्यंत मोटर तशीच ठेवत. खेमसिंग बाहेर कितीही तळमळला तरी रहमतभाई म्हणत, "पोट्टी येऊ दे."

हीच गझाला पुढे माझ्या वर्गात आली. हुशार होती, हट्टी होती, आणि प्रश्न विचारताना मान तिरकी करायची, अगदी बापासारखी. एम.एस्सी. झाली, आणि संशोधनासाठी बाहेरगावी विद्यापीठात गेली. जाताना नातेवाइकांनी रहमतभाईंना बरंच ऐकवलं. शहनाज, गझालाची आई, तिलाही धाकधूक होतीच. रहमतभाईंचं मात्र एकच म्हणणं होतं. पोरीने जे हाती घेतलं ते पूर्ण करावं, आणि वार्निशच्या धुरात बसायला तिने परत येऊ नये. त्यांना आयुष्याकडून दुसरं काहीही नको होतं. मी हे अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. माणूस तसाच होता.

तिचा विषय काय, ते तिने पहिल्या सुट्टीत दुकानातच समजावून सांगितलं. मीही होते. घरात ती माणसं आपली हिंदी बोलत. मी असले की माझ्यासाठी वऱ्हाडी.

"अब्बा, ताऱ्याचं जळण संपलं की त्याले आतून ढकलणारं काही राहत नाही. मंग तो आपल्याच वजनानं आतमंदी पडत जाते. मोठा असला तं पडतच जाते."

"प्रेसमंदी रुईची गाठ दाबते तसं?"

"गाठीले वरून प्रेस दाबते. याले कोणीच दाबत नाही. सोताचंच वजन."

"अन् याच्यात चुंबक कुठून आलं?"

"त्या मालात चुंबक असतेच. जसजसं सारं आवळत जाते तसतसा त्याचा जोर वाढते, अन् ते बाजूनं ढकलते. ते हे पडणं थांबवते का, एवढंच मले पाह्यचं हाये."

रहमतभाई हातातली तार ठेवून हसले. चुंबक म्हणजे त्यांच्या घरचा विषय. "थांबवते ना! चुंबकाचा जोर तू मले विचार. कागद कायले काळे करतं?"

दोनएक वर्षांनी, हिवाळ्यात, तिचा दुकानात फोन आला. "अब्बा, थांबते!"

त्या हिवाळ्यात गल्लीतलं एक जिनिंग उघडलंच नव्हतं. कापूसच कमी आला होता, आला तो भावाविना पडून होता, आणि मालकाने फाटकाला कुलूप लावून नागपूर गाठलं होतं. गल्लीत माणसं नुसती बसलेली असत. रहमतभाईंनी जिलबी आणली आणि त्या सगळ्यांना वाटली. खेमसिंगने विचारलं, "काय थांबते, रहमतभाई?"

"पडत जाणारं थांबते. माझ्या पोट्टीनं हिशोब काढला."

खेमसिंगने जिलबी तोंडात टाकली आणि मान डोलावली. त्या काळात आमच्या भागात जे ते पडतच होतं, त्यामुळे नेमकं कोणतं, हे त्याने विचारलं नाही.

माझ्याकडेही पुडा घेऊन आले. मी माझ्या सवयीने सुरू झाले. "रहमतभाई, तिच्या सरांनी अजून तपासलं नसेल. अशी उत्तरं इतक्या लवकर..."

"मॅडम," ते म्हणाले, "आज तुमी गप बसा. आज मले खुश होऊ द्या."

मी गप्प बसले आणि जिलबी खाल्ली.

चूक आठवड्याभरात सापडली. गझालाने मला फोन केला तेव्हा ती रडत होती. "मॅडम, मी वजनच धरलं नाही."

"कशाचं?"

"चुंबकाचं."

चूक बाळबोध होती आणि मी तिला तसं म्हटलंही. आइन्स्टाइनच्या गणितात नुसत्या मालालाच वजन असतं असं नाही. जिथे ऊर्जा आहे तिथे वजन आहे. चुंबकीय क्षेत्राला वजन आहे, आणि दाबालाही आहे. पडणाऱ्याला सावरायला जो जोर लागतो, तो जोरच त्या पडणाऱ्याचं ओझं वाढवतो. गझालाने चुंबकाला सावरणाऱ्यांच्या बाजूला धरलं होतं. ओझ्याच्या बाजूला धरायला ती विसरली होती.

फोन ठेवल्यावर मात्र मला कळलं की ही चूक आली कुठून. दुसऱ्या कोणत्या मुलीने दुसरी चूक केली असती. ही मोटर भरणाऱ्याच्या मुलीचीच चूक होती. त्या दुकानात ती लहानाची मोठी झाली, बापाबरोबर मोटरी सरकवल्या, उचलल्या. करंट असो वा नसो, मोटर तेवढ्याच वजनाची. चुंबक आलं नि गेलं, पण ते जड असतं असं तिच्या हातांनी कधी अनुभवलंच नव्हतं. मेंदूने शिकलेलं सगळं विसरून तिच्या हातांनी ते समीकरण मांडलं होतं.

वजन धरल्यावर उत्तर बदललं. थांबत नव्हतं. उलट शेवटी शेवटी पडणं वेगानेच होत होतं. आणि जोर फार असला तर तिच्या गणितात सगळं एका बिंदूतही जात नव्हतं, चुंबकाच्या दिशेने लांबट होत, सूत कातायच्या पेळूसारखं बारीक होत होत संपत होतं.

"अब्बाले तुम्ही सांगू नका," ती म्हणाली. "मीच सांगीन."

सांगणं काही झालं नाही. ती सुट्टीला यायची, बाप अभिमानाने कोणाला तरी "हे पाहा, हिनंच थांबवलं" म्हणून दाखवायचा, आणि ती तशीच परत जायची.

इकडे गल्लीतलं दुसरं, खेमसिंगचं जिनिंगही बंद पडलं. खेमसिंग कुठल्याशा गोदामावर चौकीदार लागला. शहनाजने घरी साड्यांना फॉल-पिको करायला घेतलं. रहमतभाईंची लुना दिसेना. विचारलं तर म्हणाले, "दुरुस्तीले देली." ती काही परत आली नाही. त्यांना दम लागू लागला होता. जळकी वेटोळी पेटवून काढायची, त्याचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला होता. पण शटर रोज सकाळी वर जायचं. गझालाला दर महिन्याला जायचे ते पैसे जात होते, आणि फोनवर ते तिला सांगत, "लय काम हाये बेटा, मान वर करायले टाइम नाही." मी समोरच असायचे कधी कधी. समोर बाकडं रिकामं असायचं.

त्या वर्षी बकरी ईदला गझाला आली आणि थेट माझ्याकडे आली. "मॅडम, आज सांगायचंच हाये. तुम्ही सोबत चला. तुम्ही असल्या की मले मागं फिरता येणार नाही."

आम्ही दुकानात गेलो. बाकड्यावर एक मोटर भरून तयार होती. वार्निश ताजं होतं. रहमतभाईंनी खिशातून छर्रा काढून तिच्या तळहातावर ठेवला. "तुयी वाट पाहून राह्यलो होतो. खेमसिंग बाहेर बोंबलून राह्यला असता, तरी देली नसती."

तिने छर्रा आत सोडला. त्यांनी करंट दिला. छर्रा एकदा हलला आणि गरगर धावू लागला. लहानपणीसारखी ती वाकून पाहत राहिली आणि हसली. मग करंट बंद झाला, छर्रा खाली येऊन टेकला, आणि तो उचलताना तिचं बोट मोटरीच्या कडेवरून फिरलं. तिथे छिन्नीचे तीन टोले होते.

प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मोटरीवर रहमतभाई अशी खूण करत, अदलाबदल होऊ नये म्हणून. तीन टोले म्हणजे खेमसिंगचं जिनिंग. तिने खाली पाहिलं. मोटरीचा एक पाय तुटका होता.

"अब्बा," ती हळूच म्हणाली, "मागच्या ईदलेबी हेच मोटर होती."

रहमतभाई तारेची रीळ उगाच भिंतीला टांगू लागले.

"त्याच्या आंधीबी हेच होती. हा पाय तवाच तुटला होता. खेमसिंग काकाचं जिनिंग तं कवाचंच बंद हाये."

मी पहिल्यांदा त्या बाकड्याकडे नीट पाहिलं. तार नवी नव्हती. जुनीच तार सरळ करून, घासून, परत परत भरलेली होती. ती गेली की ते मोटर उपसत, आणि ती यायच्या आधी भरून ठेवत. बंद जिनिंगच्या मालकाला ती मोटर परत न्यायचीच नव्हती. दुकानात तेवढी एकच मोटर होती.

"तू छर्रा सोडतं," रहमतभाई म्हणाले, "तं काहीतरी फिरलं पाह्यजे ना, बेटा."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. गझाला मात्र रडली नाही. ती बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसली, आणि जे सांगायला आली होती ते तिने सांगून टाकलं.

"अब्बा, ते थांबत नाही. मी चुकली होती. चुंबकाचं वजन मी धरलंच नव्हतं."

"चुंबकाले कुठं वजन असते?"

"असते. तिथं असते. जे सावराले जाते ना, त्याचंबी वजन त्याच्यातच पडते. जेवढा जोर लावला तेवढं ओझं वाढते."

त्यांनी मोटरीच्या तुटक्या पायावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मंग त्यानं जोर लावूच नाही काय?"

"लावल्याबिगर राहते कुठं ते, अब्बा. त्याचं कामच हाये ते."

त्यांनी मान हलवली. गझालाने त्यांचा हात धरला. "मी नाही जात आता. मी दुकानात बसीन. तुमाले दम लागून राह्यला, अम्मी दिवसभर मशीनवर..."

त्या माणसाचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "दुकानात कायले? दुकानात काय हाये ते पाह्यलं ना तू आता? एक मोटर हाये. तिले दोन माणसं कायले लागते?" मग दम लागला म्हणून ते थांबले, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चूक निघाली तं निघाली. बरोबर करून लिव. पुरं कर. तू परत येऊन बसली तं मी काय केलं इतके दिवस, सांग."

ती गेली. जाताना तिची बॅग शहनाजने भरली आणि मी तिला स्टँडवर पोचवलं.

पुढे हिवाळ्यात मी एकदा दुकानावरून जात होते. रहमतभाई तीच मोटर उपसत बसले होते. मला राहवलं नाही. "रहमतभाई, आता कोणापासून लपवता? तिला तर सगळं माहीत आहे."

"लपवत नाही, मॅडम," ते म्हणाले. "पोट्टी आली की छर्रा कशात सोडन?"

उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. गझाला परीक्षकांनी सुचवलेल्या शेवटच्या दुरुस्त्या सरांच्या हाती देऊन धावत आली तेव्हा ते बोलत होते, पण थोडंच. प्रबंध पूर्ण झाला म्हणून तिने सांगितलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच आठवड्यात ते गेले. दुकानातल्या बाकड्यावर ती मोटर अर्धी भरलेली होती, तारेचं टोक बाहेर लोंबत होतं. तिला कोणी हात लावला नाही.

तोंडी परीक्षेची तारीख चाळिसाव्याच्या, म्हणजे त्यांना जाऊन चाळीस दिवस व्हायच्या आधीच आली. गझाला नको म्हणत होती. शहनाज इद्दतीत, विधवेने पाळायच्या मुदतीत बसलेली, घराबाहेर पाऊल टाकत नव्हती, पण तिने आतूनच ठणकावलं, "जा. तुझ्या अब्बाचा जीव त्याच्यातच होता." मी गझालाबरोबर गेले. परीक्षकांनी तिला चुंबकाच्या वजनावरच खोदून खोदून विचारलं. थांबत नाही, हे तिने फळ्यावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मांडून दाखवलं. एकही चूक नव्हती. मी मागच्या बाकावर बसून शोधत होते, म्हणून सांगते. तिला पदवी मिळाली, आणि परतीच्या एस.टी.त ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून महागाव येईपर्यंत रडत होती.

चाळिसाव्याला गल्लीतच मांडव घातला. फातिहा झाली, जेवणं सुरू झाली. जिनिंगची जुनी माणसं सगळी आली होती, पूर्वी नोकरीवर होती ती, आता कुठे कुठे विखुरलेली. खेमसिंग सकाळपासून राबत होता. हात पुसत तो गझालाजवळ आला.

"ताई, तुमी आता डॉक्टर झाल्या म्हणे."

"हो, काका."

"रहमतभाई लय सांगे तुमचं. ते पडत जाणारं थांबते म्हणून. दवाखान्यात मी रोज जाऊन बसो, तं तिथंबी तेच. जिनिंग बंद झालं, पोट्टं घरी बसलं, मी तोंड पाडून बसलो की म्हणे, 'खेमसिंग, थांबते रे बावा, माझ्या पोट्टीनं हिशोब काढला हाये.'" तो जरा घुटमळला. "ते तुमच्या पुस्तकात तसंच हाये ना, ताई?"

दवाखान्यात. म्हणजे तिने खरं सांगितल्यानंतर कितीतरी महिन्यांनी. सगळं समजून उमजून तो माणूस छातीत दम नसताना खेमसिंगला सावरत होता.

गझालाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मुठीत तो छर्रा होता, मला दिसला. उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मला ते पाठ होतं.

"अब्बा सांगत होते ना, काका?" गझाला म्हणाली. "मंग थांबते."

खेमसिंगने मान डोलावली आणि पंगतीत पाणी वाढायला निघून गेला. चूक माझ्या डोळ्यांदेखत झाली होती. मी पेला उचलला, पाणी प्याले आणि गप्प बसले.